मेथीची घाई

दसरा झाला की मुंबईच्या उपनगरातल्या बाल्कन्यांत मेथी पेरायची गडबड उडते. माझं आजचं सगळं बोलणं त्या गडबडीवरच आहे.

परदेशी बियांच्या पाकिटावर लिहिलेलं असतं, दव गोठायचं थांबलं की पेरा. आपल्याकडे दव गोठतं ते महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी, नाहीतर कधीमधी निफाडकडे. सांताक्रूझ वेधशाळेचा नीचांक ७.४ अंश, तोही २२ जानेवारी १९६२ चा! तेव्हा ते पाकीट अंधेरी-घाटकोपरला कामाचं नाही. आपल्याला छळतो तो ऑक्टोबर.

हवामान खात्याच्या तक्त्यात मुंबईतून पाऊस परतायची सरासरी तारीख ८ ऑक्टोबर. लोक तीच पेरणीची तारीख धरतात. अहो, दूध उकळलं, गॅस बंद केला, की लगेच विरजण घालता का? करंगळी बुडवून बघता. कढत दुधात विरजण घातलं तर दही लागत नाही. कुंडीचंही तेच. दुपारी चारला मातीत बोट खुपसा. चटका बसला तर थांबा. पाऊस गेला म्हणजे गॅस बंद झाला, दूध कोमट झालेलं नाही.

मेथी फसवते, कारण ती तिसऱ्या दिवशी छान उगवते. मग आठवड्याभरात देठ मातीलगत पिचकतात, काळे पडतात, रोपं आडवी. आपण बियाणंवाल्याला शिव्या देतो. पालक आणि धणे तर तापल्या मातीत धड उगवतही नाहीत.

मग कधी? सकाळी सोसायटीत उभ्या गाड्यांच्या काचा दवानं ओल्या दिसू लागल्या, रात्री पंखा एकवर आला, की पेरा. साधारण नोव्हेंबरचा दुसरा आठवडा. बोरिवली पूर्वेला, मुलुंडला डोंगराकडेला थोडं आधी; वर्सोव्याकडे समुद्र रात्र लवकर गार होऊ देत नाही. दिवाळीवर विसंबू नका, ती मागेपुढे होते. पुन्हा सांगते, पाऊस गेला म्हणून नाही, रात्र गार झाली म्हणून पेरा.

हात शिवशिवतच असतील तर ऑक्टोबरात लाल माठ टाका, चवळई टाका. त्यांना उकाड्याचं काही वाटत नाही. मेथी मात्र नोव्हेंबरपासून दर पंधरवड्याला थोडी थोडी, जानेवारीअखेरपर्यंत. दुधाचं उदाहरण इथे संपतं, कारण आपलं दूध फेब्रुवारीत पुन्हा तापायला लागतं! तेव्हा पालक तुरा काढतो, पानं कडवटतात, मग मायाळूकडे वळायचं.

काचेपलीकडून वेळ संपल्याच्या खुणा चालल्यात. समुद्रमेथीचं राहिलंच. ती वाळूत होते, मुळांसकट उपटायची, आणि तिला पाणी... असो, पुढच्या वेळी. तोवर मेथीदाणे डब्यातच असू देत.