मीठ सोसण्याची किंमत

(वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यान)



अलिबाग-पेणच्या खारेपाटात खाऱ्या जमिनीवर बोलायचं म्हणजे जाणकारांपुढे बोलायचं. बांधाला खांड पडून भरतीचं पाणी आत शिरलं की भातशेतीचं काय होतं, हे इथे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. पण त्याच बांधाच्या बाहेर, त्याच पाण्यात तिवरीची झाडं हिरवीगार उभी असतात. भात जळतं आणि तिवर जगते, असं का? या प्रश्नाच्या उत्तरातून आपल्यावर एक जबाबदारीही येते. आज त्या दोन्हींबद्दल बोलायचं आहे.

समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे 35 ग्रॅम क्षार असतात. ते झाडाला दोन वाटांनी मारतात. पहिली वाट तहानेची. पाणी कमी क्षाराकडून जास्त क्षाराकडे ओढलं जातं. बाहेर क्षार जास्त झाले की मुळं पाण्यात बुडालेली असूनही झाड तहानलेलंच राहतं. दुसरी वाट विषाची. पेशीला पोटॅशियम हवं असतं आणि सोडियम रसायनदृष्ट्या त्याचा जवळचा भाऊबंद. तो पोटॅशियमच्या जागी घुसतो आणि पेशीतली विकरं नीट काम करेनाशी होतात.

तिवर या दोन्हींना कसं तोंड देते, ते पाहा. तिची मुळं पाणी आत घेतानाच नव्वद टक्क्यांच्या आसपास मीठ बाहेर अडवतात. त्यासाठी खोडातल्या जलवाहिन्यांत तीस वातावरणांहून जास्त ताण निर्माण व्हावा लागतो, कारण समुद्राच्या पाण्याचा परासरण दाबच पंचवीसच्या घरात आहे. तरीही थोडं मीठ पानापर्यंत पोहोचतं. तिवरीच्या पानावर क्षारग्रंथी असतात. कोरड्या दुपारी पान उन्हात तिरपं धरा, पृष्ठभागावर बारीक पांढरे कण चकाकताना दिसतील. बोट फिरवून जिभेला लावा, मीठच लागेल.

कांदळ या खाडीतल्या दुसऱ्या झाडाने वेगळा मार्ग धरला आहे. त्याच्या पानाला अशा ग्रंथी नाहीत, म्हणून तो मुळाशीच मीठ अधिक कडक गाळतो. आपण जिची भाजी करतो ती मोरस मीठ आत घेते आणि मांसल पानांत पाणी साठवून ते पातळ करते. पेशीच्या आत रिक्तिका नावाची कोठी असते. सोडियम त्या कोठीत बंद करायचं आणि कोठीबाहेरच्या भागात निरुपद्रवी द्रव्यं भरून तोल राखायचा, अशी ही व्यवस्था. तिवर त्यासाठी ग्लायसिन बेटाइन तयार करते.

इथे माझा मुख्य मुद्दा येतो. यातलं काहीही फुकट होत नाही. सोडियम कोठीत ढकलायला ऊर्जा लागते आणि ती प्रकाशसंश्लेषणाच्या कमाईतूनच खर्च होते. ग्लायसिन बेटाइनला नत्र लागतं आणि खाडीच्या चिखलात नत्राची चणचण असते. याचा पुरावा खाडीकाठीच आहे. भरतीचं पाणी रोज खेळतं, गोडं पाणी येऊन मिळतं, तिथे तिवर उंच वाढते. तीच तिवर, जिथे पाणी क्वचित पोहोचतं आणि उन्हाने मीठ साचत जातं तिथे, कंबरेएवढी खुरटी राहते. तिवरीला मीठ आवडतं म्हणून ती खाडीत वाढते, ही समजूत आपण सोडली पाहिजे. ती मीठ सोसते आणि त्याची किंमत मोजते.

म्हणूनच तिवरीभोवतीचं पाणी अडवलं की ती मरते. चिखलातून वर आलेली तिची पेन्सिलीसारखी श्वसनमुळं ओहोटीत हवा घेतात. भराव टाकून रस्ता केला, ओहोटीची वाट बंद झाली आणि पाणी कायमचं तुंबलं, की ती मुळं गुदमरतात. महाराष्ट्राने 2020 मध्ये पांढरी चिप्पी या खाडीतल्याच झाडाला राज्य कांदळवृक्षाचा मान दिला, याचा आनंदच आहे. पण त्या मानाचा अर्थ भरती-ओहोटीची वाट मोकळी ठेवणं हाच आहे.

आता भाताकडे वळू. आपल्या पूर्वजांनी खाऱ्या जमिनीसाठी राता भात जपलं, गोव्याच्या खाजणांत कोरगुट टिकला. पनवेलच्या खार जमीन संशोधन केंद्राने पनवेल 1, 2, 3 असे वाण दिले. हे काम मोलाचं आहे. तरीही जमिनीची विद्युतवाहकता, म्हणजे खारेपणाचं माप, मीटरला तीन डेसीसायमनच्या वर गेली की सामान्य भाताचं उत्पन्न घटू लागतं आणि समुद्राचं पाणी असतं पन्नासच्या आसपास. क्षार सोसणारा वाण या दोन आकड्यांतलं अंतर थोडंसं कापतो, पूर्ण नाही. रोप कोवळं असताना आणि पीक फुलोऱ्यात असताना भात सर्वांत नाजूक. म्हणूनच आपला शेतकरी पहिल्या पावसाने मीठ धुऊन जाईपर्यंत थांबतो, मग मोड आलेलं बी चिखलणीवर टाकून रहू करतो. इथे खरी राखण पावसाची, बांधाची आणि त्यातल्या पाणी सोडण्या-रोखण्याच्या उघाडीची आहे. वाण त्यांच्या सोबतीला आहे.

समुद्रापासून दूर शिरोळ, सांगलीकडे पाहा. तिथे समुद्र नाही, तरी कृष्णाकाठची काळी रानं क्षारपड झाली. उसाला बेसुमार पाणी दिलं, निचऱ्याची सोय केली नाही, पाणीपातळी वर आली, पाणी उडून गेलं आणि क्षार मागे राहिले. तिथे क्षार सोसणारं पीक शोधण्याआधी जमिनीखाली सच्छिद्र पाईप घालून पाण्याला वाट द्यावी लागते.

श्रोतेहो, समुद्राची पातळी वाढते आहे आणि क्षार सोसणाऱ्या पिकांवर आपली भिस्तही वाढत जाणार आहे. संशोधन झालंच पाहिजे, त्याला पैसाही मिळाला पाहिजे. पण वनस्पतीची सहनशक्ती आपल्या हलगर्जीपणाची भरपाई करू शकत नाही. पावसाळ्याआधी गावाने मिळून बांध फिरून पाहावा, उघाडीची दारं दुरुस्त करावी. खाडीवर रस्ता होत असेल तर त्याखालून भरतीला पुरेशी मोरी ठेवलीच पाहिजे, असा आग्रह ग्रामसभेत धरावा. उसाच्या पट्ट्यात पाण्याच्या पाळीइतकाच निचऱ्याचा हिशेब व्हावा. झाड आपल्या वाट्याचं काम बिनबोभाट करतं. आपल्या वाट्याचं काम यापेक्षा अवघड नाही, आणि ते आपल्याऐवजी करणारं दुसरं कुणी नाही.