पीटीचा तास कापू नका



ज्यांच्या घरी आईवडील किंवा आजीआजोबांना बीपीची गोळी चालू आहे, त्यांनी जरा हात वर करा. बघा मुख्याध्यापक सर, किती हात! आजचं भाषण मुख्यतः या पोरांसाठी. बाकीच्यांनी बक्षिसं वाटेपर्यंत धीर धरावा.

घरात बीपी असलं की मुलांनाही ते होण्याची शक्यता वाढते. होतंच असं नाही. पण ते दुखत-खुपत नाही, म्हणून कळतही नाही. तेराव्या वर्षानंतर रक्तदाब वारंवार 130/80 किंवा त्याच्या वर भरला, तर डॉक्टर तो जास्त धरतात. इथं पळणं कामी येतं: रोज पळणाऱ्याचं हृदय कमी ठोक्यांत जास्त रक्त पुढं ढकलतं, रक्तवाहिन्या लवचिक राहतात. तुमच्या वयाला जागतिक आरोग्य संघटना दिवसाला सरासरी 60 मिनिटं दम लागेल अशी हालचाल सांगते.

आपल्या हिंगोलीत राज्य राखीव पोलीस दलाचा (एसआरपीएफ) गट क्रमांक 12 आहे. पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं पहाटे रस्त्यानं पळतात. पोलीस शिपाई भरतीत मुलांना 1600 मीटर, मुलींना 800 मीटर पळावं लागतं. कौतुकच आहे. पण भरती झाली किंवा वय निघून गेलं, की बूट माळ्यावर!

पुष्कळ मुलींचं पळणं तर त्याआधीच थांबतं. आठवी-नववीत गेली, की 'आता काय खेळतीस, मोठी झालीस.' खो-खो बंद, लंगडी बंद. मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या मुलींना शाळेसाठी सायकली मिळतात. त्यातली एखादी भावाच्या बुडाखाली दिसते. माय-माउल्यांनो, सायकल लेकीकडेच राहू द्या.

आणि सर, राग मानू नका. दहावीचा पोर्शन मागं पडला, की पहिली कुऱ्हाड पीटीच्या तासावर. जादा तास सकाळी घ्या, पण पोरांना मैदानावर सोडा.

आणि पोरांनो, घरी वडलांनी 'आता बरं वाटतंय' म्हणून देव्हाऱ्यामागं सारलेली गोळ्यांची पट्टी त्यांच्या हातात द्या. पळण्यानं त्यांची गोळी आपोआप सुटत नाही. ते डॉक्टर ठरवतील. ताटातलं खारट लोणचं-पापड मात्र तुम्हीच कमी करू शकता.

पळताना छातीत दुखलं किंवा चक्कर आली, तर लपवू नका. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत तपासणीला आलं, की दात-डोळे दाखवून रांगेतून सटकू नका. तिथं सांगा, 'आमच्या घरात बीपी आहे, माझंही मोजा.'