मुसळी गेली की कोळीची भाजीही गेली
(पाड्यावरच्या सभेत झालेले भाषण)



आज प्लॉटबद्दल नाही, रानातल्या भाजीबद्दल बोलायचं आहे. पण गोष्ट जमिनीचीच आहे.

पहिला पाऊस पडला की कोळीची भाजी उगवते. कोणी तिला कवळी म्हणतात. देवाला दिल्याशिवाय आपण ती खात नाही. तिच्याच मुळ्या म्हणजे सफेद मुसळी. 1955 साली शास्त्रज्ञांनी तिला बोरिवलीवरून नाव दिलं, म्हणजे ती आपल्याच बाजूची. आज ती धोक्यात आलेल्या झाडांत मोजतात.

का? औषधाच्या बाजारात मुळ्यांना भाव आहे. व्यापारी पाड्यावर येतो, पैसे दाखवतो. खणतो कोण? आपणच. भात घरात यायच्या आधी कणगी रिकामी असते, म्हणून खणतो. बी पडायच्या आधीच खणतो, मग पुढच्या पावसाला उगवणार काय? सोलून सुकवली की पाच किलोची जेमतेम किलोभर उरते. तीही तो म्हणेल त्या भावाने. 1945 साली झरीच्या सभेत आपल्या आजा-आजींनी वेठ करणार नाही म्हणून ठरवलं. गवत कापायच्या मजुरीसाठी ते लढले. आणि आपण घरात बसून मुकाट भाव घेतो!

2006 च्या वनहक्क कायद्यात कंदमुळं, औषधी झाडं गौण वनोपजात येतात. ती गोळा करायचा, विकायचा हक्क आपला. पण कलम 5 सांगतं, रान राखायचं कामही ग्रामसभेचंच. नुकसान करणाऱ्याला थांबवायचा अधिकारही तिचाच.

म्हणून पावसाआधीच्या ग्रामसभेत हा ठराव घेऊ:

1. भाजी खुडताना मधला कोंब ठेवायचा.
2. बी पडून पाती पिवळी होईपर्यंत मुळी खणायची नाही.
3. खणली तर वरचा गड्डा एक-दोन मुळ्यांसकट परत मातीत लावायचा.
4. रानाचा एक भाग दरसाल बंद ठेवायचा.
5. व्यापाऱ्याने घरोघर फिरायचं नाही. भाव ग्रामसभेत बोलायचा.

हे नवं नाही. देवाला दिल्याशिवाय खुडायचं नाही, हा म्हाताऱ्यांचा कायदाच होता. तेवढ्या दिवसांत भाजी जोर धरायची.

फॉरेस्टवाले म्हणतात, आदिवासी रान संपवतो. कूप तोडून साग-खैर कोणी नेला ते आपल्याला ठाऊक आहे. पण मुसळी आपल्या हातून संपली, तर सामूहिक दाव्याच्या वेळी आपण काय बोलणार?

ठरावावर बायांच्या सह्या-अंगठे आधी घ्या. भाजी कुठे उगवते आणि कुठे उगवायची थांबली, ते त्यांनाच ठाऊक आहे.

जिंदाबाद!