मुसळ आपल्याच डोळ्यात

मी अहिल्यानगर जिल्ह्यातली ख्रिस्ती, घरातली पहिली पदवीधर. चेन्नईत पीएच.डी. करतेय, विषय चर्चमधली जात.

तमिळनाडूत पुरावे शोधावे लागत नाहीत. तिरुचिरापल्लीच्या मेलपुदूर दफनभूमीत दलित कॅथलिकांच्या कबरी वेगळ्या पाडणारी भिंत घातलेली. २०१६ साली तर भारतातल्या कॅथलिक बिशपांनीच चर्चमध्ये अस्पृश्यता असल्याचं लेखी मान्य केलं.

हे सगळं मी रागानं टिपून घ्यायचे. एका आजींनी मध्येच विचारलं, "तुमच्याकडे कसं?" मी म्हटलं, "आमच्यात असलं नाही."

खोटं बोलले. माझ्या बहिणीला मांग ख्रिस्ती मुलाचं स्थळ आलं होतं. "माणसं चांगली आहेत, पण..." म्हणत आत्यानं ते परतवलं. आम्ही महार ख्रिस्ती. चर्च एकच, प्रभुभोजनाची भाकर एकच. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार ख्रिस्ती दलितांना अनुसूचित जातीत धरत नाहीत. म्हणजे जात कागदावरून गेली, सोयरिकीत राहिली. त्या बैठकीत मीही होते. गप्प.

प्रभुभोजनाआधी पापकबुलीची प्रार्थना असते. लहानपणापासून पाठ. त्या रविवारी मात्र ती तोंडातून निघेना. मला जे धैर्य मिळालं ते तिथं, अडखळण्यात. पुस्तकांनी जात ओळखायला शिकवलं होतं, पण दुसऱ्यांची.

सोमवारी आजींकडे जाऊन खरं सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग तेही लिही."

लिहिलं. आत्याला फोनवर वाचून दाखवलं. तिनं मधेच फोन ठेवला. नाताळला घरी जायचंय.