मांजर आणि कुत्रा

मांजर बरें कीं कुत्रा बरा, हा वाद मुलें घालतात आणि वडील मंडळी तो हंसण्यावारी नेतात. नागपुरांत मात्र ऑक्टोबर २०२२ मध्यें त्याला निराळेंच वळण लागलें. मोकाट कुत्र्यांच्या उपद्रवाची तक्रार उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढें गेली. ज्यांना कुत्र्यांस खाऊं घालावयाचें असेल त्यांनीं तीं रीतसर दत्तक घेऊन घरीं न्यावीं, असा आदेश झाला. पुढच्याच महिन्यांत सर्वोच्च न्यायालयानें त्यावरील सक्तीची कारवाई थांबविली व महापालिकेस खाऊं घालण्याच्या जागा नेमून देण्यास सांगितलें. कायद्याचें कांहींहि होवो. दारांत शिळी पोळी टाकणें आणि जनावर पाळणें या दोन गोष्टी एक नव्हेत, हें त्या निमित्तानें पुष्कळांच्या ध्यानीं आलें.

कुत्रा लांडग्याच्या कुळांतला, कळपांत राहणारा. घरचीं माणसें हाच त्याचा कळप. साताऱ्याजवळ संगम माहुलीस शाहू महाराजांच्या खंड्या नांवाच्या कुत्र्याची समाधि आहे. त्यानें महाराजांना वाघापासून वांचविलें, असें सांगतात. मांजराच्या समाधीची गोष्ट ऐकिवांत नाहीं. त्याच्या वांट्यास डोळे मिटून दूध पिण्याची म्हण तेवढी आली!

यांत थोडा अन्यायच आहे. मांजराला कोणीं धरून आणलें नाहीं. माणसानें धान्य सांठविलें, त्यावर उंदीर आले आणि उंदरांमागून मांजर आलें. सायप्रस बेटांत सुमारें ९,५०० वर्षांपूर्वींच्या एका माणसाच्या थडग्याशेजारीं मांजर पुरलेलें सांपडलें आहे. तें एकट्यानें शिकार करणाऱ्या जातीचें. हाक मारतांच धांवत येणें त्याच्या रक्तांत नाहीं. तरीहि मोठीं झालेलीं मांजरें आपसांत फारसें म्यांव करीत नाहींत. तें बोलणें बहुतेक माणसासाठींच राखून ठेवलेलें असतें.

खरी अडचण स्वयंपाकघरांत येते. माणसाच्या सहवासांत कुत्र्याला पिठूळ अन्न पचविण्याची शक्ति आली आहे. मांजराचें तसें नाहीं. टॉरिन नांवाचें एक द्रव्य त्याला मांसांतून मिळावें लागतें. न मिळाल्यास दृष्टि जाते, हृदय दुबळें होतें. प्रौढ मांजराला पुष्कळदां दूधहि सोसत नाहीं. शुद्ध शाकाहारी घरांत दूधभातावर मांजर पोसूं पाहणाऱ्या गृहिणीनें याचा विचार आधीं करावा. शेजारच्या उंदरांवर भरंवसा ठेवणें कांहीं खरें नव्हे.

उलट वैशाखांत नागपूरचा पारा ४५ अंशांवर गेला कीं हाल कुत्र्याचे. माठाखालची ओल मांजर आपली आपण शोधून काढतें. कुत्र्याला मात्र साखळी धरून फिरवून आणावें लागतें, आणि तेंहि उजाडण्यापूर्वीं. भर दुपारीं डांबरी रस्त्यावर त्याचे तळवे भाजतात. दाट केसांचीं थंड मुलखांतलीं कुत्रीं केवळ ऐटीसाठीं या शहरांत आणणें ही तर क्रूरताच होय.

पिसाळरोगाच्या बाबतींत मात्र दोघांत भेद करूं नये. कुत्र्यास लस टोंचवितात आणि मांजराचें विसरतात. परंतु मांजराच्या चाव्यानेंहि तो रोग होऊं शकतो व एकदां लक्षणें दिसूं लागलीं कीं तो बहुधा प्राणघातकच ठरतो. चावा कोणाचाहि असो, जखम वाहत्या पाण्याखालीं साबणानें पंधरा मिनिटें धुवावी, हळद-चुना कांहीं लावूं नये, आणि त्याच दिवशीं रुग्णालयांत जाऊन लस टोंचून घ्यावी.