कच्चे लिंबू

(अहिल्यानगर येथील सावेडी उपनगरात झालेल्या पालक मेळाव्यातील भाषणाचा संपादित मजकूर)



निमंत्रण घेऊन आलेल्या कार्यकर्त्यांनी मला विषय दिला होता, 'कालचे, आजचे आणि उद्याचे बालपण'. उद्याविषयी बोलण्याचा अधिकार पत्रकाराला नसतो. आमची सगळी हयात कालची घटना आज छापण्यात जाते. तेव्हा उद्याचा भाग मी आपल्यावर सोपवतो आणि काल व आज यांविषयीच बोलतो.

माझा जन्म १९६८ चा. नगरच्या जुन्या भागातील माळीवाड्यातल्या एका वाड्यात आम्ही राहत होतो. सात बिऱ्हाडे, मध्ये फरसबंद चौक, एक नळ आणि त्या नळाला येणाऱ्या पाण्याच्या वेळेवर चालणारे सात संसार. मुले किती होती, हे मोजण्याची कधी गरज पडली नाही. जेवणाच्या वेळी जी ज्या घरात सापडत, ती त्या घरची. मला माझ्या बालपणीच्या खेळाची जी पहिली आठवण आहे, ती खेळण्याची नाहीच. ताईच्या कमरेवर बसून खेळ पाहण्याची आहे. ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. आई धुण्या-भांड्यांत असे, म्हणून मला सांभाळण्याचे काम तिच्याकडे. पण तिला खेळायचेही असे. मग मला चौथऱ्यावर टेकवून ती डाव मांडी, आणि मी पायांत येऊन डाव मोडू लागलो की सगळ्यांनी मिळून निवाडा दिलेला असे: हा कच्चे लिंबू.

समोर बसलेल्या चाळिशीपुढच्या मंडळींच्या चेहऱ्यावर हसू दिसते आहे. तरुण आयांसाठी सांगतो. कच्चे लिंबू म्हणजे खेळात असलेला, पण ज्याच्यावर राज्य येत नाही असा भिडू. तो पळतो, लपतो, आरडाओरडा करतो. त्याला कोणी बाद करीत नाही. आपण कच्चे लिंबू आहोत हे त्याला ठाऊक नसते, किंवा ठाऊक असूनही चालते. एक दिवस कोणीतरी म्हणते, "आता याच्यावर राज्य द्या, मोठा झाला." त्या दिवशी मी सबंध संध्याकाळ डबा ऐसपैसमध्ये राज्य घेऊन रडकुंडीला आलो होतो. पण रात्री आजीला सांगताना माझी छाती फुगली होती, असे ताई अजून सांगते.

ही व्यवस्था कोणी बसविली? कोणत्याही शिक्षणतज्ज्ञाने नाही. ज्या घरांत पाठोपाठची भावंडे असत आणि धाकट्याला सांभाळणे हे मोठ्याचे काम असे, त्या घरांनी ती आपोआप घडविली. दुर्बलाला खेळातून बाहेर काढायचे नाही, पण त्याच्यासाठी खेळही थांबवायचा नाही, ही तोड आठ-दहा वर्षांच्या मुलांनी काढलेली होती. मला तर आपल्या कुटुंबव्यवस्थेची सारी युक्तीच त्यात दिसते. घरातील अडाणी काका, विधवा आत्या, काम न करू शकणारे आजोबा, सगळे कोणत्या ना कोणत्या अर्थाने कच्चे लिंबूच होते आणि सगळे डावात होते.

आता माझ्याच घराची गणती करू. आजीला नऊ मुले झाली, पाच जगली. आम्ही भावंडे तीन. मला दोन मुले. पुण्याला असलेल्या माझ्या मुलाला एक मुलगी, वय वर्षे चार, आणि दुसऱ्याचा विचार नाही, असे सूनबाईंनी सांगितले आहे. हे केवळ माझ्या घरचे नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार १९९२-९३ मध्ये महाराष्ट्रातील एका स्त्रीमागे सरासरी २.९ मुले होती; २०१९-२१ च्या सर्वेक्षणात तो आकडा १.७ वर आला. आजीची चार मुले जगली नाहीत, हे दुःख मला विसरता येत नाही. त्यामुळे 'पूर्वीचेच बरे होते' असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. पण ज्या घरात एकच मूल आहे, तिथे कच्चे लिंबू कोण होणार आणि त्याला सांभाळून घेणारा कोण होणार? चार वर्षांच्या माझ्या नातीभोवती सहा मोठी माणसे असतात, आणि सहाही जण तिच्याशी खेळताना मुद्दाम हरतात.

आणखी एक आकडा सांगतो, तो आपल्या जिल्ह्याचा आहे आणि सुखाचा नाही. शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलग्यांमागे मुली किती, हे जनगणना सांगते. २००१ मध्ये आपल्या जिल्ह्यात त्या ८८४ होत्या. २०११ मध्ये ८५२ उरल्या. पुण्यश्लोक अहिल्यादेवींचे जन्मगाव चौंडी याच जिल्ह्यात, जामखेड तालुक्यात आहे. २०२४ मध्ये जिल्ह्याला त्यांचे नाव मिळाले आणि २०२५ मध्ये आपण त्यांच्या जन्माची त्रिशताब्दी साजरी केली. नाव दिले हे उत्तमच झाले. पण भोंडल्याचे फेर लहान होत गेले, त्याला केवळ दूरदर्शन संच आणि मोबाइल जबाबदार धरता येणार नाही. ज्या मुली जन्मालाच आल्या नाहीत, त्यांनी फेर कुठून धरावा?

मुलींच्या खेळाचे बोलतो आहे, तर थोडे मागे जाऊ. 'स्मृतिचित्रे' हे मराठीतील थोर आत्मचरित्र लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई टिळकांच्या पुढील आयुष्यातील बरीच वर्षे राहुरीत आणि नगरमध्ये गेली. त्यांचा विवाह अकराव्या वर्षी झाला. माझ्या पणजीचेही तसेच. त्या पिढीत मुलीची भातुकली आणि तिचा संसार यांच्यामध्ये सुटीचा एक दिवससुद्धा नसे. माझ्या आजीची भातुकली मी पाहिली आहे. नगर हे तांब्या-पितळेच्या भांड्यांचे नावाजलेले गाव. तेव्हा बंब, घंगाळ, कळशी, जाते, पोळपाट असा सगळा संसार बोटाएवढ्या आकारात केलेला. पुण्याच्या विलास करंदीकरांनी अशा भातुकलीच्या हजारो वस्तू जमवून त्यांची प्रदर्शने भरविली. तिथे गर्दी करतात त्या साठीच्या बायका. नातींना कळतच नाही की बंब म्हणजे काय.

आमच्या ताईचे लग्न अकराव्या वर्षी झाले नाही, ती पदवीधर झाली. पण तिचा खेळ मात्र चौदाव्या वर्षी संपला. ती खो-खोत अतिशय चपळ होती. शाळेच्या संघात होती. खांब मारून वळण्याची तिची पद्धत पाहायला वरच्या वर्गातल्या मुली उभ्या राहत. एके दिवशी घरात कुणीतरी म्हणाले, "आता पुरे झाले धावणे." कोण म्हणाले, यावर आजही आमच्या घरात एकमत नाही. कुणी भांडले नाही, कुणी रडले नाही. दुसऱ्या दिवसापासून ती संध्याकाळी घरात होती आणि मी मैदानात. मी तेव्हा आठ वर्षांचा होतो आणि मला त्यात काही वावगे वाटले नव्हते.

१९ जानेवारी २०२५ रोजी दिल्लीत पहिल्या खो-खो विश्वचषकाचा अंतिम सामना होता. १९१४ मध्ये पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने ज्या खेळाला प्रथम नियमांत बसविले, तो आता दिव्यांच्या झगमगाटात, मॅटवर खेळला जात होता. प्रियांका इंगळे या मराठी मुलीच्या नेतृत्वाखाली आपल्या महिलांनी नेपाळला ७८-४० असे हरविले. प्रतीक वाईकरच्या पुरुष संघानेही विजेतेपद मिळविले. मी ताईकडे बसून तो सामना पाहिला. ताई त्रेसष्ट वर्षांची आहे, गुडघे दुखतात. एका मुलीने खांबापाशी सूर मारला तेव्हा ताई खुर्चीतून अर्धवट उठली आणि म्हणाली, "मी असते तर आधी हुल दिली असती." मग बराच वेळ ती काही बोलली नाही. मीही बोललो नाही.

म्हणून सांगतो, आपण आपल्या जुन्या अंगणाचे गुणगान करताना थोडे सांभाळून करावे. त्या अंगणात सर्वांना सारखा प्रवेश नव्हता. काही मुली एका वयानंतर आत जात. काही वस्त्यांतील मुले उंबऱ्याबाहेर उभी राहून चेंडू परत फेकण्यापुरतीच आमच्या खेळात असत, आणि त्यांना कच्चे लिंबूसुद्धा करून घ्यावे, असे आम्हांला सुचले नाही. हे आम्हांला शिकविणाऱ्यांत आमची प्रेमळ माणसेच होती.

पण त्याच गावात उलटेही घडत होते. तोफखाना भागात पद्मशाली समाजाची वस्ती. हातमागाच्या धंद्यासाठी त्यांचे पूर्वज तेलंगणातून इकडे आले. बायका घरी बसून विड्या वळीत. त्यांची मुले आमच्याशी विटीदांडू खेळायला येत. विटी किती दूर गेली ते दांडूने मोजताना आम्ही वकट, लेंड, मूंड, नाल असे म्हणत असू. एकदा त्यांतला एक मुलगा मोठ्याने हसला. म्हणाला, "अरे, हे तर आमचे आकडे!" घरी त्याची आजी ओकटी, रेंडू, मूडू, नालुगू असेच मोजायची. आमच्या मास्तरांना जे सांगता आले नाही, ते त्या मुलाने सांगितले. भाषा कुठून कुठे गेली आणि एका लाकडाच्या तुकड्यावर बसून किती शतके टिकली! हा देश एक आहे, हे मला सर्वप्रथम विटीदांडूने शिकविले, असे मी म्हटले तर अतिशयोक्ती समजू नका.

ग्रामीण भागाचे चित्र निराळे. वार्ताहर म्हणून मी पाथर्डी, शेवगाव, जामखेडच्या गावांतून फिरलो आहे. जत्रेच्या हगाम्यात पहिल्यांदा लहान पोरांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्या लागत. सहा-सात वर्षांची पोरे, हरला-जिंकला दोघांच्याही हातात रेवड्या. २०२५ च्या फेब्रुवारीच्या आरंभी नगरच्या वाडिया पार्कवर महाराष्ट्र केसरीची अंतिम लढत झाली. अशा मोठ्या आखाड्यात उतरणाऱ्या मल्लांतील किती जणांनी आरंभी रेवड्याच जिंकल्या असतील! पण याच तालुक्यांतील हजारो कुटुंबे दसरा-दिवाळीनंतर कोयता घेऊन ऊसतोडीला बाहेर पडतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. आशियातील पहिला सहकारी साखर कारखाना ज्या जिल्ह्याने प्रवरेकाठी उभा केला, त्याच जिल्ह्यातील ही मुले कोपीवर वाढतात, नाही तर गावी आजी-आजोबांपाशी राहतात. साखरशाळा निघाल्या, हंगामी वसतिगृहे निघाली, त्यांचा उपयोगही झाला. तरी कोपीवरच्या दहा वर्षांच्या मुलीच्या कमरेवर आजही धाकटे भावंड असते. मी ताईच्या कमरेवर बसलेला होतो ते आठवून मला गहिवरून येते. पण त्या मुलीला शाळा सोडून दिवसभर ते करावे लागते. दोन्ही चित्रे एकसारखी दिसतात, म्हणून ती एक मानण्याची चूक आपण करू नये.

राहिला मोबाइल. त्यावर आपण सर्वजण इतके बोलतो की, मी फारसे बोलत नाही. दूरदर्शनवर 'रामायण' १९८७ च्या जानेवारीत सुरू झाले, तेव्हा रविवारी सकाळी रस्ते ओस पडत, पण एका संचापुढे चाळीस माणसे बसत. पडदा आला म्हणून माणसे तुटली, असे तेव्हा झाले नाही. प्रत्येकाचा पडदा वेगळा झाला तेव्हा ती तुटली. २०२० मध्ये करोनामुळे शाळा बंद पडल्या आणि ज्या वस्तूपासून आपण मुलांना दूर ठेवत होतो, ती आपणच अभ्यासाला म्हणून त्यांच्या हातात दिली. ती परत मागण्याचा आपला अधिकार त्या दिवसापासून थोडा कमी झाला आहे. शिवाय परत घेतली तर हातात द्यायचे काय? दिवाळीत मातीचा किल्ला करायला सोसायटीत माती नाही. महाराजांचे किल्ले २०२५ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेले आणि आमच्या नातवंडांना बाजारातून रंगविलेला तयार किल्ला आणून मिळतो. मोहरी पेरून तिला कोंब कधी येतात, याची वाट पाहणे त्या किल्ल्यात नसते.

आता एक गोष्ट सांगायची राहिली आहे. ती सांगावी की नाही, याचा मी इथे येईपर्यंत विचार करीत होतो. मी इथेच सावेडीत एका इमारतीत राहतो. चोवीस सदनिका आहेत. काही वर्षांपूर्वी मुलांच्या चेंडूने एका गाडीची काच फुटली. सभा झाली. वाहनतळात खेळण्यास मनाई असल्याचा फलक लावावा, असा ठराव आला. फलकाचा मजकूर शुद्ध असावा म्हणून तो मलाच लिहायला सांगितला. मी तो लिहिला आणि खाली इतरांबरोबर सहीही केली. गाडी माझी होती.

गेल्या दिवाळीत नात आली होती. फलकाजवळ उभी राहून तिने विचारले, "आजोबा, इथे काय लिहिलंय?" मी तिला म्हटले, "इथे गाड्या लावतात, असे लिहिले आहे."

पुढच्या महिन्यात आमच्या इमारतीची वार्षिक सभा आहे. रोज सायंकाळी सहा ते साडेसात वाहनतळाचा मागचा अर्धा भाग मोकळा ठेवावा आणि तो फलक काढावा, असा लेखी प्रस्ताव मी दिला आहे. गाड्या बाहेर लावाव्या लागतील, म्हणून पुष्कळांची कुरकुर आहे. मी घरोघरी जाऊन आलो. आतापर्यंत अकरा जणांनी होकार दिला आहे. आणखी दोघांची गरज आहे. त्यांपैकी एक गृहस्थ इथे तिसऱ्या रांगेत बसलेले आहेत. कार्यक्रम संपला की मी त्यांना भेटणारच आहे.