‘मूळव्याधच असेल!’

छत्तीसगडमधल्या भिलाईजवळच्या बोरसीतून बोलतोय.

फौजेत दरवर्षी वैद्यकीय तपासणी व्हायची. मनात असो वा नसो, तारीख आली की हजर व्हायचं. भरतीच्या वेळी तर गुदद्वाराची तपासणीही आम्ही सगळ्यांनी निमूटपणे दिली होती. निवृत्त झालो आणि ते बोलावणं थांबलं. मग मीही कधी डॉक्टरांकडे फिरकलो नाही.

एकसष्टाव्या वर्षी शौचावाटे रक्त दिसलं. निदान मीच केलं: मूळव्याध! इकडे त्याला ‘बवासीर’ म्हणतात. दुकानात हा शब्द उच्चारला की मलम लगेच हातात येतं. आठ महिने मलम लावलं. बायकोलाही सांगितलं नाही. जिना चढताना मी मध्येच थांबतो, हे शेवटी तिच्याच लक्षात आलं. हिमोग्लोबिन निघालं ८.९. एका डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या. रक्त जातंय कुठे, हे त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. यात दोष निम्म्याहून जास्त माझाच.

पुरुषाचं हिमोग्लोबिन १३ च्या खाली किंवा पाळी गेलेल्या बाईचं १२ च्या खाली आलं, तर नुसत्या गोळ्यांवर समाधान मानू नका. कारण शोधायला सांगा. पोटात हळूहळू होणारा रक्तस्राव डोळ्यांना दिसेलच असं नाही. आणि मूळव्याध खरोखर असली, तरी तिच्यामागे कर्करोग नाही असं त्यावरून ठरत नाही.

आता वरून खाली येऊ. तोंडात तीन आठवडे न भरणारी जखम किंवा पांढरा-लाल चट्टा. आमच्या भागात बायकासुद्धा गुडाखू दातांना घासतात. ती तंबाखूच आहे, मंजन नव्हे. घास अडकणं: आधी भाकरी अडकते, मग मऊ भात, शेवटी पाणी. अन्ननलिकेच्या कर्करोगाची चाल बहुधा अशी असते. पोट चटकन भरल्यासारखं वाटणं, वजन घटणं, डांबरासारखी काळी शौच. (लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळसर होते, म्हणून डॉक्टरांना तेही सांगा.) मोठ्या आतड्यात बिघाड असेल तर शौचाची सवय बदलते, रक्त पडतं, पोट साफ झाल्यासारखं वाटत नाही. यातलं प्रत्येक लक्षण साध्या आजारातही दिसतं. पण दोन-तीन आठवडे टिकलं, तर घरचे उपाय पुरे.

सगळेच कर्करोग वेळेवर सापडत नाहीत, हेही खरं. मनोहर पर्रीकर आमचे संरक्षणमंत्री होते. स्वादुपिंडाच्या कर्करोगाने १७ मार्च २०१९ रोजी ते गेले. तो आजार बराच काळ गुपचूप वाढतो. मोठ्या आतड्याचं तसं नाही. तिथे बहुतेक वेळा आधी पॉलिप, म्हणजे लहानशी गाठ, येते आणि तिचा कर्करोग व्हायला साधारण दहा वर्षं लागू शकतात. शत्रू इतका वेळ देतो आणि आपण लाजत बसतो!

माझी कोलोनोस्कोपी झाली. आदल्या दिवशीचा जुलाब त्रासदायक. तपासणी गुंगीत, अर्ध्या तासात उरकली. डाव्या बाजूच्या आतड्यात गाठ होती आणि तुकड्याच्या तपासणीत कर्करोग निघाला. सीटी स्कॅन करून तो कुठवर पसरलाय ते पाहिलं, मग शस्त्रक्रिया. पिशवीची भीती होती, ती लागली नाही. लागली असती तरी तिच्यासह माणसं कामाला जातात, प्रवास करतात. काढलेल्या लसिकाग्रंथींमध्येही रोग सापडला, म्हणून सहा महिने केमोथेरपी. त्यातल्या ऑक्झॅलिप्लॅटिन या औषधाने थंड वस्तूला हात लावला की बोटांत सुया टोचतात. लेहची थंडी सोसलेला मी, भर मे महिन्यात माठाच्या पाण्याला घाबरत होतो. बायको पाणी कोमट करून द्यायची. तोंडाची चव गेली, तेव्हा तिने थोडं थोडं, दर दोन तासांनी खायला घातलं. लोक पपईची पानं, गोमूत्र, उपास असं बरंच सुचवत होते. उपचार चालू असताना उपाशी राहणं म्हणजे रसद तोडून लढणं. असं काहीही घ्यायच्या आधी आपल्या डॉक्टरांना विचारा.

हे सगळं मी सकाळी फिरायला येणाऱ्या मंडळींना सांगितलं. सगळे गप्प झाले. परतताना त्यातला एकजण मागे राहिला आणि हळूच म्हणाला, “साहेब, मलाही अधूनमधून लाल दिसतं.” पुढच्या आठवड्यात माझ्याच स्कूटरवर मागे बसवून त्याला डॉक्टरांकडे नेलं. कोलोनोस्कोपीत दोन पॉलिप सापडले, तिथल्या तिथे काढले. अहवालात कर्करोग नव्हता.